दहा गुणांची सेवा

मराठी गद्यप्रकारांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एका प्रकाराची अद्याप दखल घेतलेली नाही. तो म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष हिवाळी शिबिराचा अहवाल. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत दरवर्षी तो लिहिला जातो आणि पुष्कळदा मराठीच्या प्राध्यापकालाच लिहावा लागतो; कारण ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ एवढी पात्रता प्राचार्यांना पुरेशी वाटते. या प्रकाराचे संकेत पक्के आहेत. उद्घाटन ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ होते, वक्ते ‘मोलाचे मार्गदर्शन’ करतात, स्वयंसेवक ‘हिरिरीने’ भाग घेतात आणि ग्रामस्थ ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ देतात. क्रियापदांना कर्ता नसतो: सर्वेक्षण करण्यात आले, वृक्षारोपण करण्यात आले, प्रबोधन करण्यात आले. कोणी केले, कोणी मागितले होते, केल्यानंतर त्याचे काय झाले, हे प्रश्न या व्याकरणात उद्भवतच नाहीत.

मी असे तीन अहवाल लिहिले आहेत. त्यांतला तिसरा शिबिर सुरू होण्यापूर्वीच लिहून तयार होता. रोपांची संख्या आणि पाहुण्यांची नावे तेवढी भरायची होती. ‘ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य त्यात होतेच. ग्रामस्थांना तोवर आमच्यापैकी कोणी भेटलेले नव्हते. या गोष्टीची मला लाज वाटते. पण ती फक्त माझी लाज आहे असे मी मानत नाही, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. महाविद्यालयांत सेवेची संस्कृती रुजवण्याच्या नावाखाली आपण सेवेच्या नोंदींची संस्कृती रुजवली आहे. शब्द तपासणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या भाषा-साहित्याच्या विभागांनी या व्यवहाराला शब्द पुरवले, पण ते तपासले मात्र नाहीत. सेवेची संस्कृती खरोखर हवी असेल, तर साहित्याच्या वर्गाने आपले नेमके काम ओळखून ते केले पाहिजे. ते काम झाडे लावण्याचे नाही, निदान केवळ झाडे लावण्याचे नाही.

१

आधी थोडा इतिहास पाहू. आजचे वाद आपण पहिल्यांदाच घालत आहोत असा आपला समज असतो, म्हणून ते आवश्यक आहे. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी ही कल्पना राधाकृष्णन आयोगाच्या (१९४८-४९) काळापासून चर्चेत आहे. ही सेवा स्वेच्छेची असावी, असा त्या वेळचा कल होता. पुढे १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने वेगळीच भूमिका घेतली. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रसेवा करावी, अशी ती शिफारस होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पुढे करून ती बाजूला ठेवली गेली. त्यानंतर के. जी. सय्यदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि पारडे पुन्हा स्वेच्छेकडे झुकवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. चीनबरोबरच्या युद्धानंतर राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली होती. तिला पर्याय हवा, अशी मागणी १९६७ च्या राज्य शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत पुढे आली. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सक्ती की स्वेच्छा हा वाद त्या पिढीने गांभीर्याने घातला होता. देशमुखांची शिफारस कठोर होती, पण प्रामाणिक होती. तिच्यात विद्यार्थ्याच्या आयुष्यातले जवळजवळ एक वर्ष मागितले होते. सय्यदैन यांची बाजूही तितकीच प्रामाणिक होती: जे मनापासून येतील त्यांच्याच बळावर काम उभे करा. आपण या दोहोंपैकी काहीच स्वीकारले नाही. आपण तिसरा मार्ग काढला, तो म्हणजे आमिषाचा. दोन वर्षांत २४० तास, एक सात दिवसांचे शिबिर, आणि त्या बदल्यात प्रमाणपत्र. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत वर्षानुवर्षे त्याला दहा सवलतीच्या गुणांची जोड होती. नापास होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याला समाजाने तारायचे आणि त्याने समाजाला तारल्याचे दाखवायचे, असा हा करार होता.

या दहा गुणांची खरी अन्यायकारकता आपण कधी बोलून दाखवली नाही. सात दिवस घर सोडून शिबिराला कोण जाऊ शकतो? ज्याच्या घरी त्याच्या सात दिवसांच्या मजुरीवाचून अडत नाही तो. जिच्यावाचून धाकट्या भावंडांचा, म्हाताऱ्या आजीचा, पाण्याच्या हंड्यांचा प्रश्न उभा राहत नाही ती. रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगणारा मुलगा आणि पहाटे उठून घर आवरून एस.टी.ने कॉलेज गाठणारी मुलगी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ज्या सेवेत असतात, तिचे तास भरण्यासाठी आपल्या नोंदवहीत रकाना नाही. ज्यांना सेवा करायला सवड आहे त्यांनाच आपण गुण दिले आणि ज्यांचे आयुष्यच सेवेत जाते त्यांना ‘सहभाग कमी’ असा शेरा मारला.

२

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची एक आठवण सांगतो. आमचे शिबिर एका कमी पावसाच्या तालुक्यातल्या गावात होते. गावालगतच्या ओढ्यातला गाळ काढून लहानसा बांध घालायचे काम आम्ही घेतले होते. पोरे जोमाने खपत होती. तिसऱ्या दिवशी काठावर दोन बायका येऊन बसल्या. बराच वेळ नुसत्या पाहत होत्या. मग त्यांतली थोरली मला म्हणाली, “मास्तर, हे फुकट करताय व्हय?” मी मोठ्या अभिमानाने ‘हो’ म्हणालो. ती म्हणाली, “मग आमचं मस्टर कसं निघायचं? ह्येच काम आमी मागितलं व्हतं.”

तिचे म्हणणे असे होते की, ओढ्याचा गाळ काढण्याचे काम रोजगार हमीवर निघावे म्हणून गावातल्या काही बायकांनी ग्रामपंचायतीकडे मागणी केली होती. आता कॉलेजच्या पोरांनी ते फुकटात उरकले, म्हणजे त्यांची त्या हंगामाची हजेरी बुडाली. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. श्रमाचे महत्त्व, गावाचा विकास, असे काही. ती ऐकून घेऊन उठून गेली. अहवालात मी लिहिले: ‘ओढ्याचे खोलीकरण करण्यात आले.’

तिची मागणी कागदावर कितपत होती, हे मी तपासले नाही. तपासायला हवे होते. कारण नेमके तेच आमचे काम होते. महाराष्ट्राने १९७० च्या दशकात रोजगार हमीची कल्पना देशापुढे ठेवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या वेळच्या कायद्यानुसार कामाची मागणी लेखी करायची, तिची तारीख घातलेली पोच घ्यायची, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता मागायचा, असा हक्क मजुराला होता. म्हणजे सगळा खेळ एका अर्जाचा आणि एका पोचपावतीचा होता. आमच्यापाशी पन्नास पदवीचे विद्यार्थी होते, त्यांतले निम्मे मराठी साहित्याचे. त्यांच्या हाती आम्ही फावडी दिली. कोणाच्याही हाती लेखणी दिली नाही. फावडे चालवण्यात त्या दोन बायका आमच्या पन्नास जणांना भारी होत्या. आमचे ज्ञान उपयोगी पडले असते ते अर्जाच्या चार ओळींत. तिथे आम्ही गैरहजर राहिलो.

श्रमदान करू नये असे मला म्हणायचे नाही. श्रमाची ओळख नसलेल्या मुलाने घमेले उचललेच पाहिजे. पण ते त्याचे शिक्षण आहे. त्याला गावाची सेवा म्हणू नये. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याने उपकृत केल्याचा आव आणणे हा शुद्ध उद्धटपणा आहे.

३

आता शब्दांकडे वळू, कारण ते आपले क्षेत्र आहे.

सेवा योजनेच्या परिभाषेत ‘दत्तक गाव’ असा एक शब्द आहे. महाविद्यालय गाव ‘दत्तक घेते’. साहित्याच्या माणसाने या रूपकापाशी क्षणभर थांबायला हवे होते. दत्तक कोण घेतो? ज्याला मूल नाही तो, आपले घराणे पुढे चालावे म्हणून. दत्तक जाणाऱ्याचे नाव बदलते, घराणे बदलते. आणि जो दत्तक जातो तो अज्ञान असतो, त्याला विचारायची पद्धत नाही. ज्या गावाचा उल्लेख जुन्या कागदपत्रांत सापडतो, ज्या गावाच्या शिवारात शेकडो वर्षे लोक राबत आले, ते गाव तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या महाविद्यालयाचे लेकरू ठरते! आणि हे आईबाप येतात कधी, तर डिसेंबरातले सात दिवस. डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थाने खालसा केली, हे आपण इतिहासात शिकवतो. आपण दत्तक घेऊन गावे खालसा करतो.

दुसरा शब्द खुद्द ‘सेवा’. सरकारी मराठीत त्याचा अर्थ नोकरी असा आहे. सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती या शब्दांत सेवाभावाचा लवलेश नाही, हे कोणत्याही नोकरदाराला ठाऊक असते. पण हा विनोद सोडला तरी एक अवघड बाजू उरते. या देशात सेवा हा शब्द निरागस नाही. धर्मशास्त्राने समाजातल्या फार मोठ्या वर्गाला वरच्यांची सेवा हाच धर्म म्हणून नेमून दिला होता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती या व्यवस्थेविरुद्ध. गावकीची कामे, वेठ, येसकरपाळी यांना गोड भाषेत सेवाच म्हटले जाई. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारतो, आणि त्याच वर्गात दुसऱ्या तासाला ‘सेवा हेच जीवन’ असा फलक रंगवायला विद्यार्थ्यांना पाठवतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना सेवेला नकार देण्यासाठी गाव सोडावे लागले, त्यांची नातवंडे आज आपल्या बाकांवर बसली आहेत. त्यांच्यापुढे सेवा हे मूल्य म्हणून ठेवायचे असेल, तर सेवा कोण करतो आणि करवून कोण घेतो, हा प्रश्न आधी मोकळेपणाने चर्चेला घ्यावा लागेल. शिबिरात स्वयंपाक कोण करते, भांडी कोण घासते, शौचालय कोण धुते, भाषण कोण करते, एवढीच यादी प्रामाणिकपणे करून पाहावी. साहित्यातले समाजदर्शन शिकवायला दुसरे साधन लागणार नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी याचे उत्तर कृतीने दिले होते. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि आपल्या शिक्षणाचा भार आपल्या कष्टांनी उचलत. त्या श्रमात उपकाराचा भाव नव्हता. एका ताटात जेवल्याने आणि एका शेतात राबल्याने जे बदलले, ते कोणत्याही प्रबोधनफेरीने बदलले नसते. आपण ‘कमवा आणि शिका’ हे नाव उचलले आणि त्याचे कार्यालयातल्या फायली लावण्याचे तासिक काम करून टाकले, ही गोष्ट निराळी.

योजनेचे बोधवाक्य मूळ इंग्रजीत ‘नॉट मी, बट यू’ असे आहे. मराठीत ते कुठे ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ असे लिहिलेले दिसते, तर कुठे ‘माझ्यासाठी नव्हे, आपल्यासाठी’ असे. भाषेच्या विद्यार्थ्याने या दोन भाषांतरांतले अंतर पाहावे. ‘तुमच्यासाठी’ म्हटले की मी या तीरावर आणि तुम्ही त्या तीरावर. ‘आपल्यासाठी’ हा शब्द मात्र मराठीचे देणे आहे: त्यात आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे आणि तुम्हां-आम्हांला एकत्र घेणारे ‘आपण’ही आहे. हे दुसरे भाषांतर करणाऱ्याला तो अर्थ अभिप्रेत असेल-नसेल, पण आपल्याला करायचे आहे ते त्या दुसऱ्या शब्दाला जागणारे काम.

४

यावर विचारले जाईल की, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी करायचे तरी काय? कविता वाचून कुणाचे पोट भरते?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर मुंबईत सापडते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नवरोजी त्यांत होते. नावावरून स्पष्ट आहे की, ही निबंध वाचायची आणि त्यांवर चर्चा करायची सभा होती. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. १८४९ मध्ये या सभेपुढे एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्यावर चर्चा झाली, आणि मग त्या तरुणांनी ठरवले की, एवढे पटले आहे तर शाळा काढू. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपापले काम सांभाळून, सुरुवातीला वेतनाशिवाय, तिथे शिकवायला स्वतः उभे राहिले. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले मुलींना शिकवत होते, शेणमातीचे गोळे झेलत होते. त्या धैर्याशी याची तुलना नको. पण आपल्या विषयासाठी ही घटना मोलाची आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन समाजसेवेचा उगम शोधू गेले तर तो एका निबंधवाचनात सापडतो. त्या निबंधाला गुण नव्हते. मात्र तो वाचून झाल्यावर श्रोत्यांना स्वस्थ बसता आले नाही.

आपल्याकडे चर्चासत्रांत किती निबंध वाचले जातात! स्त्रीवाद, देशीवाद, वसाहतोत्तर जाणीव. त्यांतल्या एकाही निबंधामुळे कोणाची उद्याची सकाळ बदलत नाही, याचे आपल्याला आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. तेव्हा साहित्याच्या विभागाला खास करता येतील अशी चार कामे सांगतो. चारही कामे साधी आहेत, बिनखर्चाची आहेत, आणि त्यांचे छायाचित्र फारसे चांगले येत नाही.

पहिले काम लेखनिकाचे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळत नाहीत, ही प्रत्येक हंगामातली रड आहे. बहुतेक ठिकाणी लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तो बसलेला आहे. हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे, स्वतःचे शहाणपण न मिसळता, त्याच्या विरामचिन्हांसह कागदावर उतरवणे ही फार मोठी वाङ्मयीन शिस्त आहे. जो तीन तास ती पाळेल, त्याला संहितेशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून शिकवावे लागणार नाही. परीक्षेच्या आधी वर्षभर पुस्तके वाचून दाखवण्याचे आणि ध्वनिमुद्रित करण्याचे काम तर न संपणारे आहे.

दुसरे काम लेखी साक्षीचे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याच्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून इतर कागदांबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचे, दावेदाराखेरीज इतरांचे, लेखी उतरवून घेतलेले निवेदनही ग्राह्य धरले आहे. या तरतुदीचे महत्त्व साहित्याच्या प्राध्यापकाच्या ध्यानात यायला हवे. कायद्याने मौखिक परंपरेला पुराव्याचा दर्जा दिला आहे. फक्त ती कोणीतरी नीट लिहून घेतली पाहिजे. म्हाताऱ्याच्या बोलण्यातले स्थळनाम, सणाचा उल्लेख, दुष्काळाची खूण यांवरून काळ ठरतो. लोकसाहित्याच्या पेपरात आपण हेच शिकवतो. पालघर, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, आणि ज्यांची घरची बोली वारली, भिली किंवा माडिया आहे असे विद्यार्थीही तिथे आहेत. प्रमाण मराठी आणि घरची बोली या दोन्हींत वावरणारा तो विद्यार्थी आपल्या वर्गात कच्चा समजला जातो. या कामात तोच सर्वांत पक्का ठरेल.

तिसरे काम लोकसाहित्याचे ऋण फेडण्याचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर वर्षानुवर्षे काम करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कामाचे मोल आकड्यात नाही. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे, यात ते आहे. त्याच्या शेजारी आपले एम.ए.चे संकलन-प्रकल्प ठेवून पाहावेत. ‘ग्रामीण भागातील स्त्रियांकडून संकलित’ एवढ्यावर सगळ्या कवयित्रींची बोळवण केलेली असते. एखाद्या आजीकडून चाळीस ओव्या लिहून घ्यायच्या, पदवी घ्यायची, आणि पुन्हा त्या दाराला पाय लावायचा नाही, याला लुटीखेरीज दुसरा शब्द नाही. संकलनाची एक प्रत त्या घरी, एक गावच्या शाळेत, गाणारीच्या नावासह पोचली पाहिजे, एवढा नियम प्रत्येक विभागाने आजपासून करावा. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

चौथे काम आपल्या आवारातले. महाविद्यालयाचे ग्रंथालय हे तालुक्यातले पुष्कळदा सर्वांत समृद्ध ग्रंथालय असते आणि गावासाठी ते बंद असते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, निवृत्त शिक्षक, आपल्याच महाविद्यालयातल्या सफाई कामगाराचा शाळकरी मुलगा, यांना तिथे बसून वाचण्याचा अधिकार नाही. गाव दत्तक घेणाऱ्या संस्थेला गावासाठी संध्याकाळी दोन तास दार उघडता येत नसेल, तर तिने दत्तकविधानाच्या गप्पा मारू नयेत.

५

या म्हणण्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, गुण बंद केले तर कोणी येणार नाही. नसेल येत तर न येवो. बाबा आमट्यांनी सोमनाथला जी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिला चंद्रपूरच्या ऐन मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातून तरुण जात राहिले ते कोणत्याही गुणांसाठी नव्हे. शंभराची नोंदणी आणि दहांचे मन, यापेक्षा दहांचीच नोंदणी बरी. दहा जण तीन वर्षे एका ठिकाणी जात राहिले तर ते त्या गावाला ओळखीचे होतील. सेवेची संस्कृती या ओळखीतून सुरू होते.

दुसरा आक्षेप नव्या व्यवस्थेचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रात आलेल्या श्रेयांक आराखड्यात समाजसहभागाचा प्रकल्प आणि सेवा योजनेसारखे उपक्रम अभ्यासक्रमाचाच भाग झाले आहेत. तेव्हा आता ही सेवा ऐच्छिक राहिलेली नाही, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, देशमुख समितीची सक्ती आपण मागील दाराने आणली, पण तिच्यातले गांभीर्य बाहेरच ठेवले. तिने नऊ महिने मागितले होते. आपण दोन श्रेयांक मागतो, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे साठेक तास. तरीही या व्यवस्थेत एक संधी आहे, हे मी नाकारत नाही. काम अभ्यासक्रमात आलेच असेल तर ते त्या त्या विषयाच्या ज्ञानाशी जोडता येईल. अट एवढीच की, मूल्यमापन हजेरीचे आणि अक्षांश-रेखांश छापलेल्या छायाचित्रांचे नसावे. ज्यांच्यासाठी काम केले त्यांना त्यात बोलायला जागा असावी. विद्यार्थ्याने काय केले यापेक्षा काय चुकले आणि त्यातून काय कळले, यावर त्याने लिहावे आणि आपण ते वाचावे. असे लेखन तपासणे हे साहित्याच्या शिक्षकाला जमण्यासारखे आहे. नव्हे, तेच त्याला जमते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. हे सगळे करणार कोण? वर्षानुवर्षे जागा भरल्या जात नाहीत. विभागात एक कायम प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे. त्यांना शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने रखडून. सुट्टीत काहीच नाही. या माणसाला शिबिराला चल म्हणायचे, त्याने नाही म्हटले तर पुढच्या वर्षी बोलवायचे नाही, आणि त्याच्या नाइलाजाला ‘सेवाभावी वृत्ती’ म्हणून गौरवायचे, हे आपल्या डोळ्यांदेखत चालते. ओढ्याच्या काठावरच्या त्या बाईचा प्रश्न आता आपल्याच शिक्षककक्षात येऊन बसला आहे: हे फुकट करताय, मग आमचे मस्टर कसे निघायचे? ज्या आवारात श्रमाचा मोबदला बुडवला जातो, त्या आवारात सेवेचा संस्कार होत नाही. तिथे विद्यार्थी फक्त एवढेच शिकतो की, गोड शब्द वापरला की फुकट राबवून घेता येते. म्हणून सेवेच्या संस्कृतीची मागणी करणाऱ्याने रिक्त जागा भरण्याची, तासिका शिक्षकांना आणि कंत्राटी सफाई कामगारांना वेळेवर व पुरेसा पगार देण्याची मागणी त्याच श्वासात केली पाहिजे. या दोन मागण्या वेगळ्या काढल्या की पहिलीचे ढोंग होते.

येत्या हिवाळ्यात पुन्हा शिबिरे होतील आणि पुन्हा अहवाल लिहायची वेळ येईल. मराठीच्या ज्या मित्रांवर ते काम येईल त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक वाक्याला कर्ता द्या. काम कोणी मागितले होते ते लिहा. कोणीच मागितले नसेल तर तसे लिहा. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली ते मोजून लिहा. स्वयंपाक कोणी केला त्यांची नावे लिहा. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द, ग्रामस्थ खरोखर आपण होऊन आले असतील तरच वापरा. असा अहवाल बहुधा अर्ध्या पानाचा होईल आणि प्राचार्य तो परत पाठवतील. परत पाठवला तर त्यांच्यासमोर बसून एकेका वाक्यावर बोला. आपल्या महाविद्यालयात सेवेविषयी झालेली ती पहिली खरी चर्चा असेल.